खोटा ढेकर

आमच्या तळवड्याच्या ऑफिसात मागच्या वर्षी एक नवीन मशीन आलं. कॉफीच्या मशीनशेजारी ते उभं आहे, सडपातळ, पुढे तीन बटणं. पहिल्यातून साधं पाणी येतं, दुसऱ्यातून गार, आणि तिसऱ्यातून सूं सूं करत बुडबुड्यांचं. ते आलं त्या दिवशी सगळा मजला तिथे गोळा झाला. कपात लिंबाची चकती टाकून लोक घोट घेत होते आणि "किती लाइट वाटतं ना" असं एकमेकांना सांगत होते. थोड्या वेळाने एकेकाचा हात तोंडावर गेला. गाल फुगले, मान खाली गेली, नाकातून काहीतरी सुटलं आणि "सॉरी सॉरी" सुरू झालं. मी माझा साध्या पाण्याचा ग्लास उचलून जागेवर येऊन बसले. मला या पाण्याची किळस आहे. नावड नव्हे, किळस.

लोकांना ते पटत नाही. "कुठला आवडत नाही?" असं विचारतात, जणू बरोबरचा सोडा अजून माझ्या पुढ्यात आलाच नाही. अहो, सगळे येऊन गेलेत. साधा सोडा जिभेला टाचण्या टोचतो आणि मागे गंजक्या नळाची चव ठेवतो. जिरा सोड्यात काळं मीठ असतं, म्हणजे उकडून विसरलेल्या अंड्याचा वास, तोही फेसासकट. लिंबू सोडा बरा म्हणावा तर लिंबू पिळणाऱ्याची नखं दिसतात. ऑरेंज प्यायल्यावर दोन दिवस जीभ शेंदरी राहते. चाकणच्या चौकात गाड्यावर आता बारा नळांचं मशीन असतं, काला खट्टापासून ब्लूबेरीपर्यंत. बाराही नळांची चव एकच आणि बाराही ग्लास एकाच बादलीत बुचकळतात. एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात टॉनिक वॉटर प्याले, तापाची गोळी विरघळवल्यासारखं कडू. आणि एकदा मोठ्या साहेबांनी परदेशातली हिरव्या काचेची बाटली उघडली. हे पाणी म्हणे डोंगरातून आपोआप बुडबुडे घेऊनच बाहेर येतं. म्हणजे तिकडे डोंगरालाही गॅस होतो. मी एक घोट घेतला आणि बाकीचं कुंडीत ओतलं.

एवढं सगळं मी तोंड वेंगाडून सांगते, आणि मी सोडेवाल्याची मुलगी आहे. चाकणला कांदा मार्केटच्या रस्त्यावर आमचं गोटी सोड्याचं दुकान आहे, आजही. याच पाण्याने माझ्या वडिलांचे तीन तास खाल्ले आणि त्या तीन तासांत त्यांच्या हृदयाचा एक भाग कायमचा मेला. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. ते वाचले. पण दुसऱ्यांदा असं दुखणं आलं तर उशीर चालणार नाही, असं डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलंय. ते दुखणं मला वेळेत ओळखता येईल का, या एकाच धास्तीवर गेली दोन वर्षं मी दिवस काढतेय.

दुकान आजोबांनी टाकलं, तेव्हा आसपास शेतीच होती. मागे आमची विहीर. आप्पा म्हणायचे, सोडा गॅसचा नसतो, पाण्याचा असतो. विहिरीचं पाणी गाळायचं, बाटलीत भरायचं, बाटल्या मशीनच्या चौकटीत अडकवायच्या आणि सिलेंडरचा कॉक सोडून चाक फिरवायचं. बाटली उलटी झाली की गोटी घरंगळत गळ्याशी येते आणि गॅसच्या दाबाने तिथेच घट्ट बसते. एखादी बाटली फुटली की काचा उडायच्या. आप्पांच्या उजव्या मनगटावर अजून वण आहे. पाहुण्यांना ते हे सगळं कौतुकाने दाखवायचे. बाटल्या धुण्याचं काम मात्र कुणाला दाखवायचे नाहीत, कारण ते माझ्याकडे होतं.

गोटीच्या बाटलीचा गळा चिमटलेला असतो आणि आत गोटी अडकलेली, त्यामुळे ब्रश नीट पोचत नाही. बाजारातून परत आलेल्या बाटल्यांत बिडीची थोटकं असत, माश्या असत, कुणीतरी पान खाऊन टाकलेली पिंक असे. एकदा पालीचं शेपूट निघालं, शेपूटच, पाल नव्हती, आणि पाल कुठे गेली या विचाराने मी दोन दिवस जेवले नाही. खाराच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या, गरम पाण्यात बाटली हलवायची, उलटी करायची, उजेडात धरून बघायची, परत हलवायची. हाताची कातडी सुरकुतायची. शाळेत वहीला हात लावला तरी मला खाराचा वास यायचा.

आमच्याकडे सगळ्या आजारांचं नाव गॅस. डोकं दुखलं तर गॅस डोक्यात चढला, पाठ धरली तर गॅस पाठीत धरला, म्हातारा सुनेवर खेकसला तरी त्याला गॅस झाला असेल. मार्केटला कांदा घेऊन आलेले शेतकरी सकाळपासून उपाशी, मग भेळ-भजी खाऊन तुडुंब. ते पोट चोळत दुकानात येत. आप्पा लाकडी दट्ट्याने गोटी आत ढकलत, फस्सकन आवाज होई, चिमूटभर मीठ, अर्धं लिंबू, आणि बाटली हातात. मग सगळे वाट बघत. ढेकर आला की "सुटला!" म्हणायचं. ढेकर आला म्हणजे गॅस होता आणि गॅस होता म्हणजे तो गेला. दुसरा पुरावा कुणाला लागत नसे.

आणि त्या पुराव्याची जाहिरात मी होते.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. बाजाराच्या दिवशी दुकानापुढे चार माणसं नुसती रेंगाळताना दिसली की आप्पा हाक मारायचे, "बाय, हिकडं ये. पाव्हन्यांना दाखीव." मी फ्रॉकला हात पुसत यायची. अर्धी बाटली एका दमात प्यायची आणि ढेकर द्यायची. मोठा. लोक हसायचे. "पोरीच्या पोटातनं येवडा, मग आपल्या पोटातनं केवडा ईल!" असं कुणीतरी हमखास म्हणायचं आणि बाटल्या खपायला लागायच्या. माझ्या नाकातून गॅस यायचा, डोळ्यांत पाणी, घशात खारट कढ. ते हसताना त्यांच्या तोंडातली भजी दिसायची.

पण अर्ध्या बाटलीने दर वेळी ढेकर येतोच असं नाही. त्याची सोय आप्पांनी केली होती. मागच्या पडवीत बसवून त्यांनी मला शिकवलं. तोंड मिटून दोनदा हवा गिळायची, हनुवटी गळ्याशी न्यायची, आणि मग घसा उघडून सोडून द्यायचं. "गिऱ्हाइकापुढं आपला सोडा फेल जाता कामा न्हाई," ते म्हणाले. ते स्वतः हेच करायचे. कितीही मोठा ढेकर काढू दे, मला कळायचं. खोटा ढेकर घशातून येतो, तोकडा असतो, त्याआधी खांदे किंचित वर जातात. खरा ढेकर बेंबीपासून निघतो, त्याला घाई नसते, आणि तो झाल्यावर माणूस नकळत सुस्कारा टाकतो. सुस्काऱ्याचं सोंग कुणाला जमत नाही. ही विद्या त्या दुकानात दोघांनाच येत होती.

पुढे वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी मला बाजारात पाहिलं. मग मी कविता म्हणायला उभी राहिले की मागच्या बाकावरून ढेकरांचे आवाज यायला लागले. मी घरी येऊन रडले. तेव्हा आई पहिल्यांदा आप्पांवर उखडली. "उद्या हिला बगायला येतील ती मानसं काय ढेकर ऐकायला येनार हाईत का?" म्हणाली. त्या दिवसापासून माझा खेळ बंद झाला. त्यांचा चालूच राहिला. मी मात्र तेव्हाच ठरवलं की शिकायचं आणि जिथे ढेकर ऐकू येणार नाही तिथे जायचं. शिकले, लग्न झालं, मोशीला फ्लॅट घेतला, तळवड्याला नोकरी लागली. मुलांनासुद्धा मी जेवताना तोंड मिटायला शिकवलं. नवरा म्हणतो, आपल्या घरात माणसं राहतात की फोटो.

इकडे चाकण बदललं. शेतांच्या कंपन्या झाल्या, कंपन्यांच्या बस रस्ताभर उभ्या राहायला लागल्या. आमच्या विहिरीवर एके वर्षी रंगीत तवंग आला, कुठून आला ते कुणी सांगेना. आप्पांनी एक घोट घेऊन थुंकला आणि विहीर मुरूम टाकून बुजवली. तेव्हापासून जारचं पाणी. दुकानं प्लास्टिकच्या बाटल्यांनी भरली, गोटी सोडा कुणी विचारेना. आप्पा तरी सकाळी फळी उघडून बसायचे. मग अचानक लग्नांत गावठी काउंटरची टूम निघाली. फेटा बांधलेला माणूस गोटी फोडतो आणि पाहुणे त्याचे व्हिडिओ काढतात. जे आम्हाला लाजिरवाणं होतं ते आता हौसेचं झालं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात, एका रविवारी, असाच एक केटरर दुकानात आला. तळेगाव रोडच्या एका लॉन्सवर मोठं लग्न होतं आणि त्याला तिथे गोटी सोड्याचं काउंटर लावायचं होतं. मी आईची औषधं द्यायला म्हणून गेले होते. आप्पा सकाळपासून क्रेट उचलत होते, बहात्तराव्या वर्षी. केटरर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून चार ठिकाणचे सोडे कसे फुसके निघाले ते सांगत होता. आप्पा गल्ल्यापाशी उभे होते आणि उजव्या मुठीने छातीच्या मधोमध दाबत होते. कपाळावरून घाम ओघळत होता. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत आले होते, हे मला पुढे फार उपयोगाला आलं.

"काय आप्पा, घाम केवढा आलाय," केटरर म्हणाला. "बरं वाटत नाहीये का?"

"काय न्हाई, वाईच गॅस धरलाय," आप्पा म्हणाले. "त्याला काय, आपल्याकडं इलाज हाय की."

त्यांनी स्वतःचीच एक बाटली फोडली, मीठ टाकलं आणि केटररच्या समोर उभं राहून घटाघटा रिकामी केली. मग क्षणभर काहीच झालं नाही. केटरर बघत होता. मी आप्पांचे खांदे वर गेलेले पाहिले. गळ्याची गाठ दोनदा हलली. आणि ढेकर आला, दणदणीत.

"जागेवर इलाज!" केटररने मांडीवर थाप मारली. "ठरलं आप्पा, तुमचाच माल."

तो ढेकर खोटा होता. मला ऐकल्याऐकल्या कळलं. आणि मला काय वाटलं? मला किळस आली. वाटलं, या वयातही हा माणूस गिऱ्हाइकापुढे तेच घाणेरडं सोंग करतोय. मी मान फिरवली आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. खोटा दिला, याचा अर्थ खरा येत नव्हता. सोडा पिऊनही येत नव्हता, म्हणजे आत गॅस नव्हता, दुसरंच काहीतरी होतं. एवढा साधा हिशेब. तो करू शकेल असं अख्ख्या तालुक्यात एकच माणूस होतं, आणि ते एप्रिल महिन्यातल्या सुट्ट्या मोजत होतं.

केटरर गेला. आप्पा आतल्या खोलीत जाऊन कॉटवर आडवे झाले. आईने बेंबीला हिंग लावला. आप्पा म्हणाले, अजून एक द्या. ती बाटली मी फोडली. दट्ट्या मी दाबला, गोटी मी पाडली, जिरेपूड मी टाकली. तासाभराने तिसरी. मध्ये आईने विचारलंही, "दवाखान्यात न्यायचं का गं?" आणि मी म्हणाले, "ढेकर येतायत ना, सुटेल." मी, जिला कळत होतं. त्या येणाऱ्या ढेकरांकडे मी लक्षच देत नव्हते. मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसले होते, आवाज ऐकू येऊ नये म्हणून पंखा मोठा करून.

मग त्यांना उलटी झाली. नुसता फेस, जिऱ्याचे कण आणि तो अंड्याचा वास. मी फडकं आणलं आणि आधी फरशी पुसली. नाक दाबून, तोंड वाकडं करून, कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पुसली. फरशी झाल्यावर मी वर पाहिलं तर आप्पांचा चेहरा चुलीतल्या राखेच्या रंगाचा झाला होता आणि ते म्हणत होते की डावा हात कुटं हाय ते कळंना.

गाडी मी चालवली. चौकात कंटेनर अडकलेले, त्यांच्या मागे कंपन्यांच्या बस, कुणी हटायला तयार नाही. आई मागच्या सीटवर आप्पांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि हॉर्न वाजव, हॉर्न वाजव म्हणत होती. मोशी ओलांडायला किती वेळ गेला ते मला आठवत नाही. पिंपरीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते.

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"अकरापासून."

"मग इतका वेळ काय करत होतात?"

"सोडा देत होतो," मी म्हणाले.

त्यांना आश्चर्य वाटलं नाही, हे मला फार लागलं. त्यांनी फक्त नर्सकडे पाहिलं आणि दोघं आप्पांना आत घेऊन गेले. नंतर बाहेर येऊन सांगितलं की स्टेंट टाकलाय, जीव वाचला, पण हृदयाचा जो भाग तासन्‌तास रक्तावाचून राहिला तो आता परत यायचा नाही.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात आम्ही दोघंच असताना मी विचारलं, "आप्पा, केटररपुढचा तो ढेकर खोटा होता ना?"

ते सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गिऱ्हाईक बसलं हुतं ना समोर."

"तुमचा जीव चालला होता."

"ते मला काय म्हाईत? मला वाटलं गॅसच हाय. आपला सोडा कवा फेल गेलाय का?" आणि थोड्या वेळाने, "त्याच्या बाटल्या पोचत्या केल्या का गं?"

मला त्यांची किळस आली. नाकात नळी घातलेल्या बापाची. लिहायला जड जातंय, पण आली, आणि तिच्या पाठोपाठ स्वतःची आली. त्यांनी फसवलं केटररला. माझी फसवणूक कुणीच केली नव्हती.

दुकान बंद करा असं आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. आप्पांनी चार महिन्यांनी फळी उघडली. आता मशीन मोटरवर चालतं, क्रेट कंपनीतून सुटलेलं कुणीही ओळखीचं माणूस उचलून देतं, आणि आप्पा गल्ल्यापाशी बसतात. मिठाला बंदी आहे. ते आई झोपली की घेतातच. मी शनिवार-रविवार तिथे जाऊन बसते. पुस्तक नेते, पण वाचत नाही. आप्पांचे ढेकर ऐकते. ज्या आवाजापासून लांब जायला मी एवढी शिकले, तो आवाज आता मी कान देऊन ऐकते. हा बेंबीपासून आला का? मागे सुस्कारा होता का? खांदे हलले का? रोज फोन करते तेव्हाही बोलणं आईशी आणि कान मागच्या आवाजाकडे. ऑफिसात त्या तिसऱ्या बटणाचं पाणी पिऊन कुणी हळूच ढेकर दिला तरी माझं डोकं आपोआप निवाडा करतं, खरा की खोटा. शिसारी येते आणि तरी थांबत नाही.

गेल्या महिन्यात एका शनिवारी पहिली शिफ्ट सुटल्यावर सहा-सात कामगार दुकानात आले. निळे शर्ट, गळ्यात कार्ड. आप्पा खुशीत होते. बाटल्या फोडता फोडता मध्येच थांबले आणि मूठ छातीशी नेली. मी पुस्तक खाली ठेवलं.

"आप्पा, दुखतंय का?"

त्यांनी मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. हातातल्या बाटलीतले दोन घोट घेतले. खांदे वर गेले. गळ्याची गाठ दोनदा हलली. ढेकर आला, मोठा, तोकडा.

"खोटा आहे," मी म्हणाले.

"काय खोटं हाय ओ ताई?" एकाने विचारलं. बोलण्यावरून मराठवाड्याचा वाटत होता.

"ढेकर. त्यांनी मुद्दाम काढलाय. त्यांना बरं नाहीये. दुकान बंद."

"अगं ये, गप," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकापुढे त्यांचा सोडा फेल गेला होता आणि तो त्यांच्या मुलीने केला होता. "खरा हाय. इचार कुनालाबी."

"गाडीत बसा."

"मंग हे पिऊ का नको?" तो कामगार बाटली हातात धरून उभा होता.

"नका पिऊ," मी म्हणाले. त्याने बाटली जपून काउंटरवर ठेवली. बाकीच्यांनीही ठेवल्या. मी आप्पांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं आणि फळ्या त्या कामगारांनी लावून दिल्या.

पिंपरीच्या त्याच दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त घेतलं, थांबायला सांगितलं, परत रक्त घेतलं. मी खुर्चीत बसून पायाची नखं बघत होते. संध्याकाळी डॉक्टर कागद घेऊन आले आणि म्हणाले, "नवीन काही नाही. हृदय आहे तसंच आहे. गॅस झालाय."

आप्पांचा चेहरा जो खुलला तो विचारू नका. "ऐकलंस का? गॅस!" ते लिफ्टमध्ये अनोळखी माणसांसमोर म्हणाले. "गिऱ्हाइकापुढं नाक कापलंस माजं."

"ढेकर खोटा होता की नाही?"

"खोटा हुता. पर दुकत हुतं ते गॅसनंच."

"त्या दिवशीही तुम्हाला तसंच वाटलं होतं."

गाडीत बसल्यावर ते खिडकीकडे तोंड करून बसले. मी त्यांना मोशीला माझ्याकडे न्यायचं ठरवलं होतं, तेही त्यांना नको होतं. मोशीच्या अलीकडे वाहतूक तुंबली होती. पुढे एक ट्रेलर, मागे एक ट्रेलर. काचा बंद, एसी चालू.

आणि तेव्हा त्यांना ढेकर आला. तो कुठूनतरी खालून निघाला, सावकाश, गुरगुरत, मध्ये एकदा थांबून परत पुढे सरकला. त्यात दुपारचा लसूण होता, चोरून घेतलेलं काळं मीठ होतं, औषधांचा कडवटपणा होता. शेवटी एक लांब सुस्कारा. वास गाडीभर पसरला. मला इतकी शिसारी आली की अंगावर काटा उभा राहिला.

"ह्यो?" आप्पांनी खिडकीकडे बघतच विचारलं.

"खरा," मी म्हणाले.

पुढचा ट्रेलर हलायला बराच वेळ लागला. मी काच खाली घेतली नाही.